बाटलीवरचा आकडा

औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात, म्हणजे आमच्या बोलीत क्यूसीत, मी एकतीस वर्षे नोकरी केली. त्या नोकरीने लावलेली एक खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. औषधाची कोणतीही बाटली हातात आली की मी नावाआधी बॅच नंबर वाचते आणि मग एका मात्रेत काय किती मिलिग्रॅम आहे ते शोधते. २०२२च्या पावसाळ्यात नाशिकला ताईकडे गेले असताना तिच्या उशाशी ड्रॉपरची एक लहान बाटली दिसली. तिच्यावर बॅच नंबर सापडला, मुदत सापडली, किंमतही सापडली. मिलिग्रॅमचा आकडा मात्र कुठेच नव्हता. त्याच्या जागी 'विजया पत्र अर्क' हे शब्द आणि एकूण अर्काचे वजन छापलेले होते. विजया म्हणजे भांग, आणि त्या वजनातून ताईच्या पोटात दर रात्री नेमके काय जात होते हे मला, तिला किंवा ती बाटली लिहून देणाऱ्या वैद्यांनाही सांगता आले नसते.

ताईला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचे निदान २००९ मध्ये झाले. या आजारात मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचे आवरण झिजत जाते आणि त्याचे परिणाम माणसागणिक वेगवेगळे दिसतात. ताईच्या वाट्याला आला तो पायांच्या स्नायूंचा ताठरपणा. दिवसा ती काठीच्या आधाराने घरभर फिरते, परंतु रात्री अंथरुणावर पडली की पोटऱ्या आणि मांड्या दोर पिळावा तशा पिळवटून निघतात, आणि भाऊजी उठून अर्धा-अर्धा तास तिचे पाय धरून बसतात. स्नायू सैल करणारे बॅक्लोफेन सुरू होते, ते वाढवत नेले. त्याच कामाचे टिझानिडीन जोडून पाहिले. मात्रा वाढली की ताठरपणा कमी होई, पण त्याबरोबर पायांतले उरलेसुरले बळही जाई आणि दुसरा दिवस गुंगीत सरे. अशा वेळी कुणाच्या तरी ओळखीतून या तेलाची माहिती आली. फोनवर सात-आठ मिनिटे बोलून वैद्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि तीन दिवसांत कुरिअरने बाटली घरी आली.

पहिल्या बाटलीने ताईला खरोखर आराम पडला, आणि हे मी मुद्दाम लिहिते आहे. दीड महिना ती सलग पाच-सहा तास झोपत होती आणि भाऊजींच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे कमी झाली होती. दुसरी बाटली त्याच नावाची, त्याच लेबलाची, फक्त बॅच वेगळी. नेहमीइतकेच थेंब घेतल्यावर तासाभराने ताईला काही जाणवले नाही, म्हणून तिने आणखी दोन थेंब घेतले. तोंडाने घेतलेल्या या तेलाचा अंमल चढायला कधी एक तर कधी दोन तास लागतात, हे तिला कोणी सांगितले नव्हते. मध्यरात्री छाती धडधडू लागली, भिंती सरकताहेत असे वाटू लागले, आणि भाऊजींना न उठवता पाणी प्यायला निघालेली ताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पडली. मनगटाचे हाड मोडले. त्याहून वाईट म्हणजे रुग्णालयात विचारपूस झाली तेव्हा तेलाविषयी तिने एक अक्षर सांगितले नाही. तिला वाटले पोलीस येतील.

मी जे करायला शिकले होते ते केले. विक्रेत्याला पत्र पाठवून त्या बॅचचे विश्लेषण प्रमाणपत्र मागितले. तीन आठवड्यांनी जे आले ते दुसऱ्याच बॅचचे होते आणि त्यातही जड धातू, कीटकनाशकांचे अंश व अर्क काढताना वापरलेल्या द्रावकाचे अवशेष यांचे रकाने कोरे होते. मग उरलेल्या तेलातले थोडे खासगी प्रयोगशाळांत तपासून घ्यावे म्हणून तीन ठिकाणी विचारले. एकीने उत्तर दिले नाही. दुसऱ्या दोघींनी नम्रपणे सांगितले की तुलनेसाठी लागणारे, भांगेतल्या टीएचसी या द्रव्याचे प्रमाणद्रव्य बाळगण्याची परवानगी त्यांच्याकडे नाही, त्यामुळे असा नमुना त्या स्वीकारू शकत नाहीत. बाटली टपालाने घरपोच येऊ शकते, पण तिच्यात काय आहे ते तपासता येत नाही, हे कळल्यावर मी बराच वेळ नुसती बसून राहिले. ताईच्या न्यूरोलॉजिस्टना मीच सगळे सांगितले. ते रागावले, पण तेलावर नव्हे, लपवल्याबद्दल. बॅक्लोफेन, झोपेची गोळी आणि वर हे, तिन्ही मिळून काय करतील याचा अंदाज बांधायला निदान आकडा तरी हवा, असे ते म्हणाले.

इथे कोणी म्हणेल की असल्या तेलाच्या नादी लागावेच कशाला. त्याचे उत्तर असे की ताईची अपेक्षा अवाजवी नव्हती. भांगेच्या वनस्पतीतली दोन मुख्य द्रव्ये म्हणजे नशा आणणारे टीएचसी आणि नशा न आणणारे सीबीडी. ही दोन्ही जवळपास समप्रमाणात असलेला नॅबिक्सिमॉल्स नावाचा तोंडात फवारण्याचा औषधी प्रकार ब्रिटनमध्ये २०१० साली नेमक्या याच त्रासासाठी, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसमधल्या ताठरपणासाठी, मंजूर झाला. एका फवाऱ्यात २.७ मिलिग्रॅम टीएचसी आणि २.५ मिलिग्रॅम सीबीडी असते. रुग्ण एका फवाऱ्यापासून सुरुवात करून हळूहळू वाढवतो आणि दिवसाला बाराच्या पुढे जात नाही. २०१९ मध्ये तिथल्या नाइस या संस्थेने डॉक्टरांसाठी जी मार्गदर्शक सूत्रे काढली त्यांत म्हटले की इतर औषधांनी गुण आला नसेल तर चार आठवडे हे देऊन पाहावे, आणि रुग्णाने स्वतः शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर सांगितलेला त्रास निदान २० टक्के कमी झाला तरच पुढे चालू ठेवावे. या वाक्याची मला फार असूया वाटते. औषध कोणासाठी, किती दिवस, कशावरून चालू ठेवायचे आणि केव्हा थांबवायचे हे सगळे त्यात आहे. ताईच्या चिठ्ठीवर 'रात्री ५ थेंब' एवढेच होते.

आपल्याकडे असे का झाले, याचे उत्तर कायद्याच्या एका व्याख्येत दडलेले आहे. गुंगीकारक औषधीद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, त्यात कॅनाबिस म्हणजे चरस, गांजा आणि त्यांची मिश्रणे. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया त्यातून वगळलेल्या आहेत. ही वर्गवारी आपली नव्हे. ती १९६१च्या संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थांविषयीच्या एकल करारातून जवळजवळ शब्दशः आली. १९६१ मध्ये झाडाचे भाग मोजण्यावाचून दुसरा मार्गही नव्हता, कारण टीएचसी हा रेणू शुद्ध स्वरूपात वेगळा काढून त्याची रचना राफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत मांडली ती १९६४ साली. म्हणजे जगाने बंदी ज्या द्रव्यामुळे घातली ते द्रव्य ओळखू येण्याच्या तीन वर्षे आधी करार झाला, आणि तो करार समोर ठेवून आपण चोवीस वर्षांनी कायदा केला तेव्हाही झाडाचेच भाग मोजले. पानांत टीएचसी शेंड्यांपेक्षा कमी असते हे खरे, पण पुरेशी पाने घेऊन त्यांचा अर्क आटवत नेला तर आकडा हवा तितका चढवता येतो. कायदा विचारतो, पान की शेंडा? ताईच्या मेंदूला त्या प्रश्नाशी काही देणेघेणे नाही, त्याच्यापर्यंत मिलिग्रॅम पोचतात. गंमत अशी की टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल हे टीएचसीचे पूर्ण नाव त्याच कायद्याला जोडलेल्या मनोव्यापारावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या अनुसूचीत आहेच. पान मोकळे आणि पानातले द्रव्य अनुसूचित, या फटीत आजचा सगळा बाजार उभा आहे.

त्यात महाराष्ट्राची आपली एक गाठ वेगळीच. केंद्राच्या कायद्याने पान सोडले असले तरी १९४९च्या आपल्या दारूबंदी कायद्याने भांगेलाही परवान्याच्या कक्षेत ठेवले आहे. वाराणसीत सरकारमान्य दुकानात मिळणारी भांगेची गोळी नाशकात खिशात ठेवणे हा गुन्हा ठरू शकतो. आयुर्वेदिक औषध म्हणून आलेली बाटली यात नेमकी कुठे बसते, असे मी फोनवर विचारू लागले तेव्हा एका कार्यालयाने दुसऱ्याचा, दुसऱ्याने तिसऱ्याचा आणि तिसऱ्याने पुन्हा पहिल्याचा क्रमांक दिला. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये बिया वगळता भांगेचे नाव आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांत आहे आणि अशा औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना छापावी लागते. ती सूचना ताईच्या बाटलीवर होती. देखरेख सात-आठ मिनिटांची होती.

या प्रश्नाच्या मागे लागल्यावर मी इतिहासही वाचू लागले, आणि तिथेही आकडाच आडवा आला. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या विल्यम ब्रुक ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरने १८३९ साली भांग-गांजाच्या वैद्यकीय उपयोगावर निबंध वाचला. इथल्या वैद्य-हकिमांकडून माहिती घेऊन, आधी प्राण्यांवर प्रयोग करून मग त्याने रुग्णांना अर्क दिले. त्यातली एक रुग्ण होती चाळीस दिवसांची, झटके येणारी मुलगी. तिथून हे औषध विलायतेला गेले, अमेरिकेला गेले, तिथल्या औषधकोशांत शिरले, आणि शंभरेक वर्षांनी बाहेरही पडले. अमेरिकेच्या फार्माकोपियातून ते १९४२ मध्ये गेले. त्यामागे कर होते, राजकारण होते, वंशद्वेषही होता, परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून डॉक्टरांचा विश्वास उडत चालला होता तो वेगळ्याच कारणाने. एका बाटलीने काहीच होत नसे आणि दुसरीने रुग्ण भ्रमिष्ट होई. अर्क पाण्यात विरघळत नाही, प्रत्येक पिकाचा जोर निराळा, आणि तो मोजण्याचे साधन नाही. ताईच्या दोन बाटल्यांची गोष्ट एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांना ओळखीची वाटली असती. त्यांच्याकडे मोजायचे यंत्र नव्हते. आमच्या जुन्या प्रयोगशाळेत ते यंत्र रोज चालते. एचपीएलसी या मिश्रणातली द्रव्ये वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर टीएचसी, सीबीडी आणि त्यांची आम्लरूपे वेगवेगळी मोजायला अर्धा तास पुरतो.

आता भांगेच्या औषधी वापरासाठीच्या चळवळीविषयी. गेल्या तीन वर्षांत मी मुंबई-पुण्यातल्या काही बैठकांना गेले, रुग्णांच्या कुटुंबीयांशी बोलले, आणि मला मान्य करायला हवे की आपल्याच बाजूच्या माणसांशी माझे अधिक खटके उडाले. एका बैठकीत माझ्या शेजारी बसलेल्या तरुणाला गांजा सरसकट मोकळा हवा होता आणि रुग्णांचा मुद्दा त्याला दारात पाय अडकवण्यापुरता हवा होता. हे त्याने अगदी मोकळेपणाने सांगितले, म्हणून मला त्याचा राग आला नाही. मोकळीक असावी की नसावी हा वेगळा वाद आहे, त्यावरही अभ्यासपूर्वक बोलणारे लोक आहेत. ब्रिटिश सरकारच्या भारतीय हेम्प ड्रग्ज (भांग-गांजा) आयोगाने १८९३-९४ मध्ये अकराशेहून अधिक साक्षी नोंदवून बेताच्या सेवनाने सहसा फारशी हानी होत नाही असाच निष्कर्ष काढला होता आणि बंदीची शिफारस केली नव्हती. २०१९ मध्ये ग्रेट लीगलायझेशन मूव्हमेंट इंडिया ट्रस्टने एनडीपीएसमधल्या तरतुदींना दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले, तेही या धाग्यातलेच. पण माझ्या ताईला मोकळीक नको आहे. तिला औषध हवे आहे, आणि औषध म्हटले की नियमन आलेच. किंबहुना नियमन हीच तिची मागणी आहे. दोन्ही मागण्या एका फलकावर लिहिल्या की अधिकारी पहिली वाचतो आणि फाईल मिटतो.

दुसरा खटका वेदांवरून उडतो. कोणीतरी उठून अथर्ववेदातला भंगेचा उल्लेख सांगतो, टाळ्या पडतात, आणि त्या टाळ्यांत बॅचचा प्रश्न विरून जातो. परंपरेचा मला अनादर नाही. उलट आयुर्वेदाने विजयेचे शोधन, म्हणजे शुद्ध करण्याची रीत, सांगितले आहे, मात्रा सांगितली आहे, कोणाला देऊ नये तेही सांगितले आहे. थेंबाथेंबाने आटवलेल्या आजच्या अर्काला त्या परंपरेची साक्ष काढणे म्हणजे आजोबांच्या नावावर कर्ज उचलण्यासारखे आहे. तिसरा खटका सर्वांत अवघड. 'हे तेल कर्करोग बरा करते' असे छातीठोकपणे सांगणारे लोक प्रत्येक बैठकीत असतात. केमोथेरपीने होणाऱ्या मळमळीवर कृत्रिम टीएचसी अमेरिकेत १९८५ पासून मान्य आहे, आणि काही दुर्धर बालअपस्मारांत शुद्ध सीबीडीचा उपयोग चांगल्या चाचण्यांनी सिद्ध झाला आहे. त्यांपैकीच एका, ड्रावे सिंड्रोमच्या १२० मुलांवरची चाचणी २०१७ मध्ये छापली गेली. तीत सीबीडी घेणाऱ्या मुलांचे महिन्याचे झटके मध्यकाने १२.४ वरून ५.९ वर आले, आणि त्याच चाचणीत यकृताचे एन्झाइम वाढल्याचे, गुंगी आल्याचे, जुलाब झाल्याचेही नोंदवले आहे. त्या आधारावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये औषध मंजूर केले. परंतु कर्करोगाच्या वेदनांसाठी नॅबिक्सिमॉल्सच्या मोठ्या चाचण्या मुख्य कसोटीवर उतरल्या नाहीत, आणि वेदनांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये वेदनेसाठी या औषधांची शिफारस करण्याइतका पुरावा नाही असे स्पष्ट म्हटले. हे मी बैठकीत वाचून दाखवले तेव्हा एका गृहस्थांनी मला विचारले की तुम्ही नेमक्या कोणाच्या बाजूच्या आहात.

अमेरिकेत २००२ मध्ये स्टेफ शेरर यांनी स्थापन केलेल्या रुग्णसंघटनेच्या नावातच सुरक्षित हा शब्द आहे: अमेरिकन्स फॉर सेफ ॲक्सेस. त्यांचा इतिहास मला उपयोगी वाटतो तो त्यांच्या विजयांपेक्षा त्यांच्या वाटेतल्या खड्ड्यांसाठी. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९६ मध्येच वैद्यकीय वापराला मान्यता दिली, पण विक्रीला येणाऱ्या मालाची प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची व्हायला २०१८ उजाडले. मधली बावीस वर्षे रुग्णाच्या हाती परवानगी होती आणि बाटलीत काय आहे ते नशिबावर होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत इंटरनेटवरून विकत घेतलेल्या ८४ सीबीडी उत्पादनांपैकी फक्त २६ उत्पादनांतले प्रमाण लेबलाशी जुळले आणि १८ मध्ये टीएचसी सापडले. २०१९च्या उन्हाळ्यात तिथे ओढायच्या वाफेच्या नळ्यांमुळे (व्हेप) फुप्फुसे निकामी होण्याची साथ आली तेव्हा फेब्रुवारी २०२०पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यांतले मृत्यू ६८. संशयाची सुई गेली ती नळ्यांत तेल घट्ट दिसावे म्हणून मिसळलेल्या ई जीवनसत्त्वाच्या ॲसिटेटवर, आणि बहुतेकांनी ती टीएचसीची नळी दुकानाबाहेरच्या ओळखीतून घेतली होती. ब्रिटनने नोव्हेंबर २०१८ मध्ये तज्ज्ञ डॉक्टरांना लिहून देण्याची मुभा दिली, पण सरकारी आरोग्यसेवेतून अशा चिठ्ठ्या फारच थोड्या निघतात, म्हणून ज्यांना परवडते ते खासगी दवाखान्यात जातात.

आपल्याला मात्र इतक्या दूर जाण्याची गरज नाही, कारण आपल्याच देशात हाच लढा एकदा लढला गेला आहे. तो मॉर्फिनचा. मॉर्फिनवर कोणी बंदी घातली नव्हती. एनडीपीएसमध्ये वैद्यकीय उपयोगाला जागा होतीच. पण प्रत्येक राज्याचे नियम निराळे, चार-पाच खात्यांचे परवाने एकाच वेळी जिवंत हवेत, एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नसे, आणि हिशेबातल्या चुकीलाही तुरुंगाची भीती. दुकानदारांनी माल ठेवणे सोडले, डॉक्टरांनी लिहिणे सोडले, आणि पुढच्या पिढीच्या डॉक्टरांना ते लिहायला शिकवलेच गेले नाही. १९८५ नंतरच्या बारा-तेरा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला, आणि हे त्या देशात, जो जगासाठी अफू पिकवतो. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोळिकोडपासून सुरुवात करून घरोघरी उपशामक शुश्रूषा उभी केली, नियम सोपे करण्यासाठी एकेका राज्याचे दरवाजे ठोठावले, न्यायालयात गेले, आणि अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने एनडीपीएसमध्ये 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधे' असा वर्गच निर्माण केला. पुढच्या वर्षी त्यात मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे आली आणि अनेक परवान्यांच्या जागी एक व्यवस्था आली.

या लढ्यात मला दोन गोष्टी दिसतात. त्या डॉक्टरांनी कधीही अफू चांगली आहे असे म्हटले नाही. त्यांनी विशिष्ट रेणू, विशिष्ट मात्रा, विशिष्ट रुग्ण आणि हिशेब ठेवणारी संस्था एवढेच मागितले, आणि अफूच्या बाजूने बोलणारे म्हणून त्यांना कोणी हिणवू शकले नाही. दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. कायदा बदलून दहा वर्षे झाली तरी जिल्ह्याच्या गावी मॉर्फिनची गोळी मिळवायला अजूनही नातेवाइकांना बस धरावी लागते, कारण अधिसूचनेने ना औषध तयार होते ना ते लिहिणारा डॉक्टर. माझ्या वडिलांच्या शेवटच्या महिन्यात ती बस मी धरली आहे.

म्हणून मी पत्रे लिहिते तेव्हा फार थोडे मागते. भांगेच्या अर्कापासून केलेल्या प्रत्येक औषधावर, मग ते कोणत्याही पॅथीचे असो, एका मिलिलिटरमध्ये टीएचसी आणि सीबीडी किती मिलिग्रॅम आहे ते छापणे सक्तीचे असावे. प्रत्येक बॅचचा तपासणी अहवाल रुग्णाला पाहता यावा आणि त्यात जड धातू असावेतच, कारण हे झाड जमिनीतले कॅडमियम आणि शिसे शोषून घेण्यात तरबेज आहे; प्रदूषित जमीन स्वच्छ करण्यासाठी त्याचा विचार होतो तो त्यामुळेच. मान्यताप्राप्त प्रयोगशाळांना प्रमाणद्रव्ये ठेवण्याची सुटसुटीत परवानगी असावी. आणि दुष्परिणामांची नोंद एका जागी व्हावी. आज आधुनिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद गाझियाबादच्या भारतीय फार्माकोपिया आयोगाकडे होते आणि आयुष औषधांसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडे वेगळी व्यवस्था आहे. ताई पडली ती दोन्ही औषधे पोटात असताना. मी दोन्हीकडे अर्ज भरला, आणि दोन्ही अर्जांत 'संशयित औषधाची मात्रा' हा रकाना रिकामा सोडावा लागला.

वातावरण अगदीच बंद आहे असे नाही. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी कॅनाबिसला सर्वांत कडक यादीतून वगळले तेव्हा भारताने वगळण्याच्या बाजूने मत दिले. हिमाचल प्रदेशाच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये औषधी आणि औद्योगिक कारणांसाठी नियंत्रित लागवडीचा ठराव केला आणि पुढे राज्याच्या मंत्रिमंडळाने तिथल्या कृषी व फलोद्यान विद्यापीठांकडे प्रायोगिक अभ्यास सोपवला. या बातम्या वाचून भाऊजी मला फोन करतात. मी त्यांना म्हणते की शेतकऱ्याचे भले होत असेल तर उत्तमच, पण लागवडीच्या बातमीत एकरांचे आकडे असतात, मिलिग्रॅमचे नसतात.

आणि हेही लिहायला हवे, नाहीतर मीही त्या बैठकीतल्या माणसांसारखीच ठरेन. टीएचसी हे निरुपद्रवी द्रव्य नाही. घरात कोणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल, वय कोवळे असेल, गरोदरपण असेल, हृदयाचा विकार असेल, तर त्यापासून दूरच राहावे असे सांगणारा पुरावा भक्कम आहे. सीबीडी रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनशी आणि अपस्मारावरच्या क्लोबाझमशी कुरापत काढते. यातले काहीही वाचून कोणी डॉक्टरांना न सांगता बाटली मागवली, तर या लिखाणाने ताईसारखीच आणखी एक पडझड घडवली असे होईल.

ताईने ते तेल घेणे थांबवले. मनगट जुळले आहे, पायांचा ताठरपणा पूर्वीसारखाच आहे, आणि भाऊजी पुन्हा रात्री उठतात. परवा तिने विचारले, "पहिल्या बाटलीतलं नेमकं किती होतं ते कळलं असतं, तर डॉक्टरांनी तेवढंच दिलं असतं ना गं?" पहिली बाटली संपली होती, धुऊन टाकली होती. दुसरीतले तेल माझ्याकडे आहे. झाकणाला मेण लावून, वर तारीख, बॅच आणि 'तक्रार नमुना' अशी चिठ्ठी चिकटवून मी ती कपाटाच्या वरच्या खणात काळोखात ठेवली आहे. आमच्या खात्यात मुदत संपल्यावर वर्षभर नमुना जपायचा आणि मग नष्ट करायचा असा नियम असे. ते वर्षही आता उलटून गेले. मात्र ज्या बॅचबद्दल तक्रार उघडी आहे तिचा नमुना नष्ट करत नसत, म्हणून मीही तो अजून ठेवला आहे.